पानावरील द्रवाचा पापुद्रा

जुन्नर तालुक्यांत कुकडीच्या कांठीं ओझर गांव आहे. तेथील विघ्नेश्वराच्या मूर्तीवर तेल-शेंदुराचा लेप असतो. तेल दगडावर सहज पसरतें व चिकटून राहतें. याच तालुक्यांतील द्राक्षबागेंत मात्र निराळा प्रकार दृष्टीस पडतो. वेलीवर नुसतें औषधी पाणी फवारलें, तर मण्यांवर त्याचे मोत्यांसारखे थेंब होतात व घरंगळून जातात. औषध मातींत जातें, भुरी व केवडा वेलीवर राहतात आणि खर्च शेतकऱ्याच्या माथीं बसतो.

असें कां व्हावें? द्राक्षमण्यावर मेणाचा पातळ थर असतो. थॉमस यंग या इंग्रज पंडितानें १८०५ सालीं असें मांडलें कीं, थेंबाच्या कडेशीं तीन ताण परस्परांशीं झुंजतात : द्रव व हवा, द्रव व घन पदार्थ, आणि घन पदार्थ व हवा यांच्या सीमांवरील. त्यांच्या समतोलानें थेंबाच्या कडेचा कोन ठरतो. मेणावर तो मोठा असतो. साबणासारखें द्रव्य मिसळलें, कीं पाण्याचा पृष्ठताण घटतो, कोन लहान होतो आणि थेंब पसरून त्याचा पापुद्रा बनतो.

मग अधिक फवारल्यानें हा पापुद्रा हवा तितका जाड होईल काय? येथें गणित साहाय्यास येतें. पापुद्र्याची जाडी त्याच्या लांबीच्या मानानें अत्यल्प असते. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यानें १८८६ सालीं वंगणाच्या थराबद्दल विचार करतांना याच गोष्टीचा लाभ घेऊन बिकट समीकरणें सुलभ केलीं. तीच युक्ति पानास लावली असतां असें दिसतें कीं, उतरत्या पानावरील प्रवाह जाडीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणांत असतो. जाडी दुप्पट, तर प्रवाह आठपट. जाडी निम्मी, तर प्रवाह अष्टमांश. म्हणून जाड थर झपाट्यानें ओघळतो आणि पातळ थर जवळजवळ स्थिर राहतो. थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही पातळ झाला, म्हणजे रेणूंचें परस्पर आकर्षण हिशेबांत घ्यावें लागतें. त्यामुळें कित्येकदां तो आपोआप फाटून पुन्हां थेंब होतात. हीं समीकरणें आतां संगणकावर सोडवितात.

श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें तें इतकेंच : ओल्या पानावर पुन्हां पुन्हां फवारल्यानें औषध सांचत नाहीं. पानाच्या टोकावरून थेंब गळूं लागण्यापूर्वींच पंप थांबवावा.