दांडा नवा, गिअरबॉक्स जुनाच!

अमेरिकेत १९६४ मध्ये दाखल झालेल्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओ या 'मसल कार'ला कारखान्यातूनच 'हर्स्ट'चा गिअरचा दांडा मिळत असे. मूळ दांडा काढून असा दांडा बसविण्याची हौस तेथे आजही टिकून आहे. यामागे तरफेचे साधे तत्त्व आहे. टेकूखालचा भाग लांबविला, की हाताला कमी अंतर कापावे लागते. मात्र जोर अधिक लागतो. चांगल्या दांड्याला अटकाव करणारे बोल्ट असतात. ते नीट जुळविल्यास घाईत ओढलेल्या दांड्याने गिअरबॉक्समधील काटे वाकत नाहीत. चुकल्यास गिअर पूर्ण पडत नाही. गिअर टाकताना खरखर होत असेल, तर दोष बहुधा झिजलेल्या सिंक्रोनायझरचा किंवा क्लचचा असतो. नव्या दांड्याने तो जात नाही. म्हणून खर्चापूर्वी गिअरबॉक्स तपासून घेणेच शहाणपणाचे.