वड्याचं तेल वांग्यावर का निघतं?

दुपारी साहेबांनी चारचौघांत झापलं, तेव्हा माणूस "हो सर, करतो सर" म्हणत मान खाली घालून उभा होता. संध्याकाळी घरी आला आणि मुलानं दप्तरातून डबा काढून ठेवला नाही एवढ्यावरून त्यानं घर डोक्यावर घेतलं. बायको म्हणाली, "अहो, डबाच तर आहे." त्यावर तिच्या माहेराचा उद्धार झाला. रात्री अंथरुणावर पडल्यावर आपण एवढे कशावरून भडकलो, हे त्याचं त्यालाच कळेना.

असं एखाद्या वेळी घडलं तर माणसं सोडून देतात. आठवड्यातून तीन-चारदा घडायला लागलं की घरातले "त्यांचा स्वभावच तापट" असं म्हणून मोकळे होतात. मला हे वाक्य फार नुकसान करणारं वाटतं. स्वभाव म्हटलं की शोध तिथेच थांबतो. काही घरांत तर "आमच्यात पिढ्यान् पिढ्या जमदग्नीच" हे अभिमानानं सांगितलं जातं, आणि त्या आजोबांना, वडिलांना नेमकं काय बोचत होतं हे कुणी विचारलेलंच नसतं.

वारंवार येणाऱ्या रागाच्या मागे बहुतेक वेळा आणखी एक भावना असते. कधी भीती, कधी अपमान, कधी लाज, हतबलता, एकटेपणा, कधी नुसता थकवा. राग खोटा नसतो, पण तो मागाहून आलेला असतो. पहिली भावना क्षणभरच वर येते आणि इतक्या चटकन झाकली जाते की ज्याची आहे त्यालाही तिचा पत्ता लागत नाही.

सुरुवात शरीरापासून करू. धोक्याची चाहूल लागली की मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटा भाग विचार पूर्ण व्हायच्या आधीच इशारा देतो. ॲड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, श्वास भरभर होतो, रक्त स्नायूंकडे धावतं. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली वेदना, भूक, भीती आणि संताप यांवेळी शरीरात होणाऱ्या बदलांवर पुस्तक लिहिलं. पळायचं असो की लढायचं, शरीराची तयारी बरीचशी सारखीच होते, हे त्यांनी दाखवलं. म्हणूनच भीतीचा राग व्हायला वेळ लागत नाही. शरीर तयारच असतं, फक्त रोख बदलायचा असतो.

पण रोख रागाकडेच का वळतो? घाबरलेला किंवा लाजलेला माणूस आक्रसतो. त्याला कुणाचा तरी आधार मागावा लागतो आणि तो मिळेलच याची खात्री नसते. रागात उलट अंगात बळ आल्यासारखं वाटतं, बोट दुसऱ्याकडे वळतं, आपली दुखरी जागा नजरेआड होते. शिवाय अनेक मुलग्यांना लहानपणीच "मुलगा असून रडतोस?" हे ऐकवलेलं असतं. रडण्याची वाट बंद झाली की चारचौघांत चालणारी एकच वाट उरते, ती रागाची.

हे जवळून पाहायचं तर एक प्रसंग घेऊ. कॉलेजातली मुलगी साडेनऊला येणार होती. पावणेअकरा झालेत, बाहेर पाऊस, लोकल खोळंबल्याची बातमी, आणि तिचा फोन बंद. बाबा गॅलरीतून दाराकडे, दारातून गॅलरीकडे फेऱ्या मारताहेत. पोटात गोळा आलाय. डोक्यात काय काय येऊन जातंय ते आईलाही सांगता येत नाही. बेल वाजते. दार उघडताच समोर निथळणारी मुलगी. एक क्षण, फक्त एक क्षण, त्यांचे खांदे सैल पडतात. आणि पुढच्याच क्षणी आवाज चढतो, "ही वेळ आहे का घरी यायची?" मुलीला बाबांच्या त्या फेऱ्या दिसलेल्या नाहीत. तिच्या कानावर पडतं ते एवढंच. ती ठरवते, की बाबांचा आपल्यावर विश्वास नाही, आणि पुढच्या वेळी उशीर होणार असला की खोटं कारण तयार ठेवते. तिचं खोटं उघडकीला आलं की बाबांचा राग दुप्पट होतो. घरातली बरीचशी धुसफूस या चक्रातून चालते. "अगं, जीव नुसता टांगणीला लागला होता" हे वाक्य त्या रात्री निघालं असतं, तर मुलीनं बहुधा स्वतःच म्हटलं असतं, की फोनचं चार्जिंग संपायला नको होतं.

घटना आणि राग यांच्या मधे आपण लावलेला अर्थ असतो, यावर मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून पुढे आपली उपचारपद्धती उभी केली. कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. एलिस यांचं म्हणणं असं, की इच्छा असणं स्वाभाविक आहे. पण तिची सक्ती झाली की बिनसतं. "मुलांनी मला विचारावं" इथपर्यंत ठीक. "मला विचारल्याशिवाय या घरात पानही हलता कामा नये" इथे पोचलो, की रोज कशावरून तरी भडका ठरलेला. निवृत्त झालेले कितीतरी गृहस्थ चालू राहिलेल्या पंख्यावरून, उघड्या नळावरून दिवसभर तणतण करतात, त्यामागे आपल्याला आता कुणी विचारत नाही हे दुःख असू शकतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही क्रोध साखळीच्या सुरुवातीला येत नाही. चिंतनातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा आणि इच्छेतून क्रोध, असा क्रम तिथे आहे.

मात्र प्रत्येक रागाच्या तळाशी काहीतरी दडलेलंच असतं, असं धरून चालू नये. नोकरीवरून गर्दीच्या गाडीतून उभ्यानं आलेली सून ओट्याशी भांडी आदळते, "काय झालं?" विचारलं तर "काही नाही" म्हणते. त्या आवाजात थकवा आहे, कुणाला आपली कदर नाही ही खंत आहे. पण साधा अन्यायही आहे: दोघं कमावतात आणि कणीक एकटीच मळते. तिला मन शांत ठेवण्याचा सल्ला देणं मला चुकीचं वाटतं. तिथे कुणीतरी परात पुढे ओढून घ्यायला हवी. अन्यायाचा राग सरळ असतो, त्याचं बोट योग्य माणसाकडे असतं आणि कारण दूर झालं की तो उतरतो. आड दडलेल्या भावनेचा राग मात्र कारणापेक्षा कितीतरी मोठा असतो, त्याच त्या गोष्टीवरून पुन्हा पुन्हा येतो आणि बहुधा अशा माणसावर निघतो, जो उलटून काही करू शकणार नाही.

मग ती मागची भावना शोधायची कशी? भडका उडालेला असताना हा उद्योग करू नये, त्या वेळी काही सुचत नाही. आधी तिथून बाजूला व्हावं. मात्र उशी बडवून किंवा वस्तू फोडून राग निघून जातो, हा समज सोडावा. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली सुमारे ६०० विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आधी त्यांच्या निबंधावर अपमानकारक शेरे मारून त्यांना चिडवलं गेलं. मग काहींनी शेरे मारणाऱ्याला मनात आणत पंचिंग बॅगवर ठोसे मारले, काही जण नुसते बसून राहिले. ठोसे मारणारेच जास्त चिडलेले आणि जास्त आक्रमक निघाले.

तासाभरानं, शरीर निवल्यावर, मागे जावं. राग यायच्या अगदी आधीच्या क्षणी काय झालं होतं? कोणतं वाक्य, कुणाची नजर, कुणाचं हसणं? शरीर इथे चांगली खूण देतं. पोटात खड्डा पडला असेल तर बहुधा भीती, कानशिलं तापून नजर खाली गेली असेल तर लाज, घशात आवंढा आला असेल तर दुखावलेपण, हातपाय गळाले असतील तर हतबलता. मग तिला नेमकं नाव द्यावं. "डोकं फिरलं होतं" एवढ्यावर थांबू नये, "पाहुण्यांसमोर माझा पगार निघाला आणि मला लाज वाटली" इतकं नेमकं. मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं, की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की अमिग्डालाची प्रतिक्रिया मंदावते. पुढची पायरी अवघड आहे: ते वाक्य, ज्याच्यावर राग निघाला त्या माणसाला सांगणं. पहिल्यांदा जीभ जड होते. चिठ्ठीवर लिहून दिलं तरी चालतं.

मागची भावना समजली म्हणून हात उगारणं क्षम्य ठरत नाही. मार खाणाऱ्या बाईनं नवऱ्याच्या मनातली भीती समजून घेत बसायचं नसतं. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदाही आहे.

चिडचिड अलीकडेच वाढली असेल तर डॉक्टरांकडेही जावं. थायरॉइडचा बिघाड, अपुरी झोप, दारू आणि नैराश्य यांतूनही ती येते. नैराश्य म्हणजे उदास चेहरा असं आपण धरून चालतो, पण पुरुषांत आणि किशोरवयीन मुलांत ते पुष्कळदा संतापाच्या रूपातच दिसतं. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेवर १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येतं. समोरच्याला फार काही समजावून सांगावं लागत नाही. "मला हल्ली फार राग येतो" एवढं सांगितलं तरी बोलणं सुरू होतं.