पतंग मोजणारा सापळा

पतंग म्हटलं की नागपूरकरांना आठवते संक्रांत, मांजा आणि गच्चीवरचा ‘ओ काट’चा गलका! पण आजचा आपला पतंग वेगळा. हा रात्री कपाशीच्या शेतात उडतो. एवढासा, करड्या-तपकिरी रंगाचा. दिसायला अगदी गरीब, पण त्याची अळी म्हणजे गुलाबी बोंडअळी! ती बोंडात शिरते आणि शिरल्यावर छिद्र बुजून जातं. बाहेरून बोंड ठणठणीत, आत सरकी फस्त.

मग ती आली हे कळणार कसं? त्यासाठी शेतात कामगंध सापळा लावतात. मादी पतंगासारखा वास येणारी छोटीशी वडी त्यात असते. त्या वासाला भुलून नर पतंग येतात आणि अडकतात. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग सापडले, की समजायचं धोका आला, आता फवारणी हवी.

म्हणजे सगळी भिस्त मोजण्यावर! कमी मोजले तर पीक गेलं. जास्त मोजले तर उगाच फवारणी, आणि ते औषध म्हणजे विषच की. २०१७ साली विदर्भात बोंडअळीनं कपाशी पोखरली, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

मुंबईच्या ‘वाधवानी एआय’ या संस्थेनं यावर ‘कॉटनएस’ नावाचं मोबाइल अॅप बनवलं. सापळ्यातले पतंग कागदावर पसरायचे, फोटो काढायचा. मोजणी फोन करतो आणि फवारायचं की थांबायचं तेही सांगतो.

फोनला पतंग ओळखता येतो कसा? ‘पंख एवढे लांब, रंग असा’ असे नियम लिहून पाहा बरं! एक पतंग उताणा पडलेला, दुसऱ्याचा पंख तुटलेला, शेजारी मुंगी. नियम लगेच कोलमडतात. म्हणून यंत्राला नियम न सांगता हजारो फोटो दाखवतात. प्रत्येक फोटोत माणसानं आधी खूण केलेली असते, ‘हा पतंग, हा कचरा’. (हे कंटाळवाणं काम माणसंच करतात, बरं का. कौतुक मात्र यंत्राचं!)

खरी गंमत पुढेच आहे. घरात कणीक मळलेली असली की पोळी करा, पुरी करा नाहीतर पराठा. तसंच, लाखो चित्रं पाहून तयार झालेली ‘नजर’ आता आयती मिळते. तिला थोडं पतंगांचं शिक्षण दिलं की शेतीचं अॅप, एक्स-रेचं दिलं की डॉक्टरांचा मदतनीस. पूर्वी प्रत्येक वस्तूसाठी सुरुवात शून्यापासून करावी लागे.

नागपूरला वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, १९७६ साली स्थापन झालेली. तिथल्या शास्त्रज्ञांनी तर सापळ्यातच कॅमेरा बसवला! तो फोटो काढून पाठवतो, संगणक पतंग मोजतो आणि आकडा शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. २०२४ च्या हंगामात हे सापळे पंजाबातल्या काही गावांत लावले गेले.

आता एक कोडं. मोबाइलवर आकडा आला नऊ. काकांनी सापळा उघडला, तर त्यांना दिसले पाचच. फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा की नाही? आईबाबांनाही विचारा. आमच्या घरी तरी पहिलं उत्तर आलं, ‘पंप खाली ठेवा, आणि पुन्हा मोजा.’