पन्नास तासांचा चिखल

काकांनी एक्सल ओढला आणि हबमधून पाणी आलं. दुधाळ कॉफीच्या रंगाची धार त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळली. ते मूळचं ग्रीस होतं. त्यांनी एक्सलवरचा कोन चिंधीनं पुसला, ट्यूबलाइटखाली धरून फिरवला आणि माझ्या तळहातावर ठेवला. छर्रे ज्या वळणावर फिरतात ते आरशासारखं गुळगुळीत हवं. तिथे देवीचे वण असावेत तसे बारीक खड्डे पडले होते.

"फवाऱ्यानं धुतलीत ना, ताई?"

धुतली होती. ऑगस्टमधल्या एका रविवारी वेताळ टेकडीवरून उतरले तेव्हा सायकलचा मूळ रंग दिसत नव्हता. तशीच जिन्यातून वर नेणं जिवावर आलं, म्हणून वाटेतल्या एका गाड्या धुण्याच्या केंद्रावर थांबले. पाइपातून सुटलेल्या त्या धारेनं पाच मिनिटांत सगळं लख्ख केलं. पंधरा दिवसांनी मागचं चाक जड वाटायला लागलं.

चाक उघडण्याआधीच काकांना सगळं कळलं होतं, आणि कळलं कसं, ते मी पाहिलं होतं. त्यांनी सायकलचा मागचा भाग उचलला, एका हातानं चाक फिरवलं आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं एक्सलजवळच्या नळीवर टेकवली. नजर समोरच्या रस्त्यावर. गल्लीत रिक्षा, शेजारच्या गाळ्यात ग्राइंडर, त्यामुळे कानाला काही ऐकू येण्याची सोय नव्हती. बोटांना मात्र ऐकू येत होतं. चाक थांबेपर्यंत त्यांनी बोटं हलवली नाहीत.

त्या दोन बोटांसाठी मी पुढचे चार रविवार टेकडीवरून उतरून थेट त्या गाळ्यात गेले.

गाळा कर्वे रस्त्यामागच्या एका गल्लीत आहे. आत शिरल्याबरोबर रॉकेलचा वास येतो, आणि त्याखाली रबर, ग्रीस, ओली माती. काकांनी उमेदीची वर्षं काळ्या, दांडीच्या सायकलींत घालवली. पुण्यात कामगार, शिक्षक, विद्यार्थी सगळेच सायकलवर असत तेव्हाची ती विद्या. आता त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या सायकलींना डिस्कब्रेक आणि पुढे शॉक असलेला चिमटा असतो. शब्द मात्र त्यांनी बदललेले नाहीत. फोर्कला ते चिमटाच म्हणतात, हबमध्ये वाटी आणि कोन असतात, आणि चाक वाकडं फिरत असेल तर 'आउट काढायचा' असतो.

पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं, "चिखल कुठला?"

मला प्रश्न कळला नाही. चिखल तो चिखल. त्यांनी टायरच्या खाचेतला गोळा नखानं काढून चिमटीत चुरला. "हा टेकडीचा मुरूम. हा वाळू द्यायचा, मग कोरडा ब्रश मारायचा, आपसूक झडतो. शेतातली काळी माती असेल तर घरी पोचल्या पोचल्या काढायची. वाळली की वीट होते." पुण्याभोवतीची काळी माती आणि मुरूम या दोघीही एकाच काळ्या कातळाच्या लेकी आहेत, दख्खनच्या बेसॉल्टच्या. एक पाण्यानं फुगते, चिकटते आणि वाळली की आवळून बसते. दुसरी कणाकणांनी सुटी राहते. सायकल धुण्याची पद्धत मातीवरून ठरते, हे मला कुठल्याही माहितीपत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

नंतरचं काम तसं साधं. सायकल टांगायची, ब्रेकच्या डिस्कवर पिशवी बांधायची, अर्धी बादली पाणी, साबणाचे दोन थेंब, रंगाचा जुना ब्रश, वरून खाली. अर्ध्या बादलीपेक्षा जास्त पाणी काका घेत नाहीत. हब, पॅडलच्या आसाचा बॉटम, हँडलची मान, जिथे जिथे छर्रे फिरतात तिथे ब्रशही जात नाही, फक्त पिळलेलं फडकं. रबरी सील पाऊस आणि धूळ अडवण्यासाठी बसवलेले असतात. फवाऱ्याची धार त्यांच्या ओठांखालून आत घुसते, आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेरची वाट सापडत नाही. ते ग्रीसमध्ये कालवलं जातं, मग पोलादाला गंज चढतो. बाहेरून सायकल चकाकत असते.

चेनपाशी आलं की काकांचा वेग एकदम कमी होतो.

माझ्या चेनला ११४ कड्या आहेत. ती काढून त्यांनी झाकणाच्या बरणीत टाकली, वर रॉकेल ओतलं आणि बरणी हलवायला दिली मला. पहिलं रॉकेल शाईसारखं काळं झालं. दुसरं चहासारखं. तिसऱ्यांदा तळाशी जे बसलं ते त्यांनी बोटावर घेऊन माझ्या अंगठ्याशी चोळलं. कचकच लागली. आपल्या कातळाच्या पोकळ्यांमधून गारगोटी सापडते, तिचा कण साध्या पोलादावर ओरखडा काढतो. असा कण तेलात मिसळला की चेनच्या आत पॉलिशची पेस्ट तयार होते आणि प्रत्येक पॅडलला ती पिन घासत राहते. लोक म्हणतात चेन 'ताणली'. पोलाद ताणलं जात नाही. पिनी झिजतात, प्रत्येक कडीत केसभर ढिलाई येते आणि ११४ ढिलायांची बेरीज होते.

ती बेरीज काका शाळेतल्या बारा इंची पट्टीवर मोजतात. चेनचा पल्ला अर्ध्या इंचाचा. म्हणजे नव्या चेनवर पट्टीचं शून्य एका पिनेवर ठेवलं तर बारा इंचाची रेघ बरोबर चोविसाव्या पल्ल्याच्या पिनेवर येते. माझी पिन रेघेच्या दीड मिलिमीटर पुढे होती. दहा गिअरच्या चेनला दोनाच्या थोडं पुढे गेल्यावर बदलावीच लागते; अकरा-बारा गिअरच्या नव्या चेनला दीडच पुरे. "न बदलता चालवली तर ही दातऱ्या खाते," काका म्हणाले, "आणि मग चेनबरोबर मागची सगळी चकती बदला." चकतीची किंमत चेनच्या कितीतरी पट.

पुसून वाळवलेल्या चेनवर मग तेल. एका कडीला एक थेंब. इथे मी घाई केली, बाटली दाबून धरली आणि पॅडल उलटं फिरवलं. काकांनी माझ्या हातातून बाटली घेतली, काही बोलले नाहीत, चेन पुसली आणि पुन्हा पहिल्या कडीपासून सुरुवात केली. ११४ थेंब. नंतर एक चहा होईपर्यंत ती तशीच टांगलेली, आणि शेवटी कोरड्या फडक्यानं बाहेरचं सगळं तेल पुसून काढायचं. "तेल पिनेला पाहिजे. बाहेर राहिलं तर माती बोलावतं."

चिमट्याच्या वेळी त्यांनी मला पहिल्यांदा तो आकडा सांगितला. चिमट्याच्या चकचकीत नळ्यांवर, सीलच्या जरा वर, प्रत्येक फेरीनंतर मळाचं एक काळं कडं उमटतं. ते मऊ फडक्यानं टिपायचं, घासायचं नाही, कारण त्या नळीवर ओरखडा उठला तर तो दर खड्ड्याला सील कापत राहतो. आणि ५० तास झाले की खालचे पाय काढायचे, फेसाच्या कड्या धुवायच्या, मोजून ताजं तेल घालायचं.

"५० तास कसले?"

"चालवल्याचे."

माझ्या चिमट्याबरोबर आलेल्या पुस्तिकेतही हेच छापलेलं आहे, ते मी घरी जाऊन पाहिलं. ५० तास. मी तेव्हा ते नुसतं ऐकून घेतलं, पण दुसऱ्या रविवारी काकांनी एका तरुणाला हाच आकडा सांगितला, तिसऱ्या रविवारी आणखी एकाला, आणि मी हिशेब मांडला. रविवारी तीन तास, असे सतरा रविवार. जूनच्या पहिल्या सरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत. आपला एक पावसाळा जवळजवळ ५० तासांचा भरतो. आकडा परदेशी कारखान्यात ठरलेला, पण इथे तो थेट दसऱ्यावर येऊन उभा राहतो. खंडेनवमीला हत्यारं पुसायची, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालायचा, ही आपली रीत यंत्राच्या गरजेशी इतकी जुळते याचं मला खरंच अप्रूप वाटलं.

डोंगरात सायकल चालवण्याच्या या सगळ्या खेळाचं मूळच ग्रीसमध्ये आहे. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत फेअरफॅक्स गावाजवळ २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर उताराची शर्यत लावली. सायकली जुन्या, जाड टायरच्या, पॅडल मागे दाबलं की लागणाऱ्या ब्रेकच्या. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतार. तळाशी पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं, आणि पुन्हा वर जायचं तर हब उघडून नव्यानं ग्रीस भरावं लागायचं. या पुन्हा भरण्यावरूनच त्या उताराला नाव पडलं 'रीपॅक'. ज्या शर्यतीतून माउंटन बाइक घडत गेली, तिला नाव मिळालं ते उतरल्यानंतरच्या कामाचं. हे मी काकांना सांगितलं. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. "ग्रीस तर भरावंच लागणार," ते म्हणाले.

बाकीची कामं बारीक. टायरमधलं पंक्चर रोखणारं दूध काही महिन्यांनी सुकतं, ते हलवून पाहायचं. ब्रेकच्या पॅडचा थर अर्ध्या मिलिमीटरवर आला की पॅड बदलायचा. डिस्कला बोट लावायचं नाही. लागलंच तर स्पिरिटनं पुसायचं, कारण बोटाचा तेलकटपणाही पॅड शोषून घेतो.

एक गोष्ट मला त्या चार रविवारी खुपत राहिली. सुट्या भागाची किंमत लोक मुकाट देतात. खोक्यावर छापलेली असते, वाद संपतो. घासाघीस होते ती मजुरीवर. एक जण म्हणाला, "काका, नुसतं पुसलंच तर आहे." त्या दिवशी काकांनी त्याच्या चौकटीवर, बॉटमच्या जोडाजवळ, केसाएवढी चीर शोधून दिली होती. धुतल्यावर ती दिसली नव्हती, पुसताना बोटाला लागली. उतारावर ती चौकट तुटली असती तर काय झालं असतं, याचा विचार मला आजही करवत नाही. फवारा सायकलला स्पर्श करत नाही, म्हणून त्याला काही सापडतही नाही. मला विचाराल तर धुण्याचा खरा भाग पुसणं हाच आहे, आणि त्या पुसण्याचे पैसे छापील किमतीइतकेच मुकाट द्यायला हवेत.

चौथा रविवार दसऱ्याच्या आधीचा. गाळ्याबाहेर सायकलींची रांग, काकांचा मदतनीस पोरगा पत्र्याच्या झाकणात छर्रे मोजत होता. माझ्या मागच्या हबचे ते होते, नवे, एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ. काकांनी वाटीत ग्रीसचं कडं घातलं, हातातल्या बारीक चिमट्यानं एकेक छर्रा बसवला, नवा कोन आवळला, मग पाव फेरा सैल केला, पुन्हा किंचित आवळला. चाक लावलं. मी पैसे काढायला लागले तेव्हा ते म्हणाले, "थांबा. हात इकडे आणा."

त्यांनी माझी दोन बोटं नळीवर ठेवली आणि चाक फिरवलं. रस्त्यावर गोंगाट होता. बोटांखाली आधी काहीच नाही, पाण्यावर हात ठेवावा तसं. मग कुठेतरी, प्रत्येक फेऱ्यात एकदा, अगदी पुसट काहीतरी टेकून गेलं.

"काही लागतंय?"

"हो. एकदाच. डाव्या बाजूला, बहुतेक."

त्यांनी स्वतःची बोटं माझ्या बोटांशेजारी टेकवली. चाक थांबेपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो. मग काकांनी पोराकडे न बघता हात मागे केला, आणि पोरानं त्या हातात पाना ठेवला.