दातेरी चाकांचे बळ

आपला अहिल्यानगर जिल्हा २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखला जात असे. हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. पुढे जिल्ह्यात असे अनेक कारखाने निघाले. दिवाळीच्या सुमारास ऊस गाळण्याचा हंगाम येतो. पाथर्डी तालुक्यातील ऊसतोड कामगार मुलाबाळांसह, भांडीकुंडी घेऊन ट्रकमधून निघतात. पाथर्डीहून नगरला येताना वाटेत करंजी घाट लागतो.

घाट चढताना भरलेला ट्रक तुम्ही पाहिला असेल. इंजिन जोरात घुमत असते. पण ट्रक मात्र मुंगीच्या पावलांनी चालतो. असे का होते?

आधी आपली सायकल पाहू. समजा, पायडलच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या चक्राला १८. पायडल एकदा फिरवले की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. त्यामुळे सपाट रस्त्यावर सायकल वेगाने धावते. चढावर मात्र पाय थकतात आणि खाली उतरावे लागते.

ट्रकमध्ये याच्या उलट व्यवस्था असते. इंजिनाची गती गिअरबॉक्समधून एका लांब दांड्याकडे येते. दांड्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते. त्याला पिनियन म्हणतात. ते मागच्या आसावरील मोठे दातेरी चाक फिरवते. त्याला क्राऊन म्हणतात. समजा, पिनियनला ७ दाते आहेत आणि क्राऊनला ४१. आता ४१ ला ७ ने भागा. उत्तर सुमारे ५.८६ येते. हेच आसाचे गुणोत्तर. म्हणजे दांडा जवळजवळ सहा वेळा फिरतो, तेव्हा ट्रकचे चाक एकदा फिरते. वेग सहापट कमी होतो. पण चाक फिरवण्याचा जोर जवळजवळ सहापट वाढतो.

गिअरबॉक्समध्येही अशीच दातेरी चाके असतात. समजा, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ६ आहे. मग ६ गुणिले ५.८६ म्हणजे सुमारे ३५. इंजिन ३५ वेळा फिरेल, तेव्हा चाक एकदा फिरेल! म्हणूनच तो अवजड ट्रक घाट चढू शकतो.

मग हे गुणोत्तर कितीही वाढवावे का? नाही. ते फार मोठे असेल, तर सपाट रस्त्यावरही इंजिनाला विनाकारण जास्त फिरावे लागेल आणि डिझेल जास्त जळेल. हलक्या मोटारीचे गुणोत्तर म्हणूनच ट्रकपेक्षा लहान असते. ट्रॅक्टरला उसाच्या ट्रॉल्या ओढायच्या असतात. म्हणून त्याच्या चाकांजवळ दातेरी चाकांची आणखी एक जोडी बसवलेली असते.

चढताना ही चाके बळ देतात. उतरताना ती जीव वाचवतात. उतारावर ट्रकची चाकेच इंजिनाला फिरवू लागतात. खालच्या गिअरमध्ये त्यांना इंजिन पुष्कळ वेळा फिरवावे लागते. इंजिन त्यांना अडवते आणि ट्रक आवरला जातो. काही चालक डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गिअर काढून टाकतात. तेव्हा इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो. सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि पकड सुटू लागते. ट्रकमध्ये बसलेल्या माणसांचा जीव धोक्यात येतो.

म्हणून अनुभवी चालक सांगतात, ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. थोडे डिझेल जास्त जळले तरी चालेल; पण सगळी माणसे सुखरूप घरी पोहोचली पाहिजेत.

शब्दार्थ
अवजड – खूप जड
आस – ज्याच्यावर चाके फिरतात तो दांडा
सुखरूप – सुरक्षित, खुशाल

स्वाध्याय
१. घाट चढताना ट्रक हळू का चालतो?
२. पिनियनला ६ व क्राऊनला ३६ दाते असतील, तर गुणोत्तर किती?
३. उतारावर गिअर काढून टाकणे धोक्याचे का असते?