सेजचे पान : पाण्यात एक, तेलात दुसरे

‘सेज’ हा शब्द आपल्याकडे गाजला तो विशेष आर्थिक क्षेत्रांमुळे. त्या सेजशी आजच्या विषयाचा काही संबंध नाही. आज बोलायचे आहे ते भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाविषयी. फूट-दोन फूट उंचीचे, राखाडी-हिरव्या लवदार पानांचे हे झुडूप क्रोएशियाच्या दाल्माशिया किनाऱ्यावर, खडकाळ उतारांवर आपोआप वाढते. कुळ तुळशीचेच. शास्त्रीय नाव साल्विया ऑफिसिनॅलिस. साल्विया हे नाव निरोगी, सुखरूप अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले. ऑफिसिना म्हणजे ख्रिस्ती मठांतली औषधे बनवण्याची खोली. इंग्रजीत सेज म्हणजे शहाणा माणूसही. पण तो शब्द वेगळ्या मुळातून आलेला आहे.

मठांतल्या वैद्यांनी सेज घशासाठी, पोटासाठी, घामासाठी आणि स्मरणशक्तीसाठी वापरले. आज त्याचा वाळलेला पाला, अर्क आणि तेल असे तिन्ही प्रकार मिळतात. गफलत होते ती इथेच. हे तिन्ही म्हणजे एकच औषध, फक्त कमी-अधिक तीव्रतेचे, असा समज असतो. तो चुकीचा आहे. पानातले कोणते द्रव्य बाहेर येणार, हे पान कशात घातले यावर ठरते.

उकळते पाणी पाल्यावर ओतून झाकून ठेवले की त्यात मुख्यतः दोन गोष्टी उतरतात : रोझमेरिनिक आम्ल आणि टॅनिन. पहिले द्रव्य १९५८ साली इटलीच्या शास्त्रज्ञांनी रोझमेरी या भाऊबंदातून वेगळे काढले, म्हणून त्याला तिचे नाव मिळाले. ते सूज कमी करणारे आहे आणि आपल्या तुळशीत व पुदिन्यातही असते. टॅनिन म्हणजे तुरटपणा. हिरडा चघळल्यावर तोंड आवळल्यासारखे होते ना, तोच प्रकार. हे टॅनिन तोंडातल्या आवरणावरच्या प्रथिनांना आवळून एक पातळ थर तयार करते, त्यामुळे सुजलेल्या घशाची जळजळ कमी होते. घसा धरला किंवा हिरड्या सुजल्या की युरोपात सेजच्या पाण्याने गुळण्या करतात, त्यामागचे कारण हे. शंभर मिलिलिटर पाण्याला अडीच ग्रॅम पाला, असे हे प्रमाण.

स्वयंपाकघरात वाट बदलते. इटालियन गृहिणी सेजची पाने लोण्यात परततात, इंग्लंडमध्ये ती डुकराच्या मांसाच्या सॉसेजमध्ये घालतात. कार्नोसिक आम्ल हे पानातले द्रव्य पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात चांगले मिसळते आणि चरबीला खवट होऊ देत नाही. हेच आम्ल असलेल्या रोझमेरीच्या अर्काला युरोपीय संघाने २०१० मध्ये खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी अधिकृत परवानगी दिली. स्वयंपाकिणींना मात्र हे रसायनशास्त्र न शिकताच ठाऊक होते.

आता तेल. पानावर सूक्ष्म ग्रंथी असतात. पान चुरगळले की त्या फुटतात आणि कापरासारखा वास येतो. पाल्यातून वाफ सोडली की हेच तेल बाहेर पडते. त्यात कापूर असतो, निलगिरीच्या तेलातले सिनिओल असते आणि थुजोन असते. दाल्माशियन सेजच्या तेलासाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यानुसार थुजोनचा अल्फा प्रकार १८ ते ४३ टक्के आणि बीटा प्रकार ३ ते साडेआठ टक्के असतो.

थुजोन हे मज्जासंस्थेचे विष आहे. मेंदूच्या पेशींना आवर घालणारे ‘गाबा’ नावाचे द्रव्य असते. अल्फा-थुजोन त्याच्या कामात अडथळा आणते, हे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या शास्त्रज्ञांनी २००० साली दाखवले. लगाम सुटला की पेशी बेफाम होतात आणि आकडी येते. सेजच्या तेलामुळे एका नवजात बाळाला आणि एका लहान मुलाला आकडी आल्याची नोंद तुर्कस्तानच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये केली.

साधा हिशेब करून पाहा. युरोपीय औषध संस्थेच्या मते सेजच्या औषधांतून दिवसाला ६ मिलिग्रॅमपेक्षा कमीच थुजोन पोटात जायला हवे. तेलाचा एक थेंब ३० ते ४५ मिलिग्रॅम भरतो. त्यात अगदी कमीत कमी, म्हणजे २१ टक्के थुजोन धरले, तरी एका थेंबात ६ मिलिग्रॅमहून जास्त होते. म्हणजे एकाच थेंबात दिवसभराची मर्यादा ओलांडली जाते. ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ म्हणून चहात तेलाचे दोन थेंब टाकणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे. पाण्यात थुजोन कमी उतरते. तरीही संस्थेने गुळण्यांसाठी एक आठवडा आणि पोटाच्या तक्रारींसाठी दोन आठवडे अशी मुदत घातली आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी सेजची औषधे घेऊ नयेत, असेही ती सांगते. अंगावरचे दूध आटवण्यासाठी पूर्वी सेज देत असत, हेही इथे सांगायला हवे. अपस्माराच्या रुग्णांनी त्याच्या वाटेला जाऊच नये.

मग जुन्या वैद्यांचे बाकीचे दावे? घामाबाबत थोडा आधार आहे. स्वित्झर्लंडमध्ये थुजोन काढून टाकलेल्या अर्काच्या गोळ्या पाळी थांबलेल्या स्त्रियांना आठ आठवडे दिल्या. अंगातून एकदम गरम वाफा येण्याचे प्रमाण बरेच घटले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पण तुलनेसाठी खोटी गोळी घेणारा गटच नव्हता. अशा तक्रारी औषधाशिवायही ओसरतात, त्यामुळे श्रेय किती द्यायचे हा प्रश्न राहतोच.

स्मरणशक्तीची कथा अधिक रंजक आहे. सेजने स्मरणशक्ती तल्लख होते, असे इंग्रज वनस्पतिज्ञ जॉन जेरार्ड याने १५९७ मध्येच लिहिले होते. आठवणींच्या कामी येणारे अॅसिटिलकोलिन मेंदूत एका विकरामुळे मोडते. सेजमधली काही द्रव्ये त्या विकराला रोखतात. अल्झायमरच्या काही औषधांचे तत्त्वही तेच. नॉर्थम्ब्रिया विद्यापीठात तरुण, निरोगी लोकांना तेलाच्या कॅप्सूल दिल्यावर शब्द थोडे जास्त आठवले. पण ते तेल दाल्माशियन सेजचे नव्हते. ते होते स्पॅनिश सेजचे, साल्विया लॅव्हेंड्युलिफोलियाचे, ज्यात थुजोन जवळजवळ नसतेच. बाटलीवर दोन्हींना ‘सेज’च म्हणतात, फरक कळतो तो खाली बारीक अक्षरात छापलेल्या लॅटिन नावातून.