अध्यापनातील तंत्रज्ञान : साधन, पद्धती आणि शिक्षकाचा पुनर्जागृत उत्साह

प्रास्ताविक

अनेक वर्षे तोच अभ्यासक्रम शिकविताना अनुभवी शिक्षकाच्या अध्यापनातही यांत्रिकता शिरते. विद्यार्थी वर्गात उपस्थित असतात, पण शिकण्यात सहभागी नसतात. अशा वेळी नवे तंत्रज्ञान हाती आल्यावर शिक्षकाचा उत्साह पुन्हा जागा होतो, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. मात्र हा उत्साह उपकरणाच्या नावीन्यामुळे येतो की अध्यापनाच्या बदललेल्या दृष्टीमुळे, हा मूलभूत प्रश्न आहे. उपकरणाचे नावीन्य थोड्याच दिवसांत ओसरते; दृष्टी बदलली असेल तर उत्साह टिकून राहतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा काही उदाहरणांच्या आधारे विचार केला आहे.

एकमार्गी प्रसारणाचा टप्पा

भारतात शिक्षणासाठी तंत्रज्ञान वापरण्याचा प्रयत्न जुना आहे. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम पोहोचविण्यात आले. पुण्यात १९८४ मध्ये बालचित्रवाणी ही संस्था सुरू झाली. ती २०१७ मध्ये बंद झाली. २००४ मध्ये केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला. या प्रयत्नांमुळे दुर्गम भागापर्यंत ज्ञान पोहोचण्याचा मार्ग खुला झाला, हे निर्विवाद आहे. तथापि, प्रसारणाचे स्वरूप मुख्यतः एकमार्गी होते. पडद्यासमोर बसलेल्या मुलाला काय समजले नाही, हे पडद्याला कळत नव्हते. शिक्षकाकडे तर बहुधा संच सुरू करण्याचे आणि बंद करण्याचेच काम उरत असे. ज्या व्यवस्थेत शिक्षकाला निर्णय घेण्यास वाव नाही, तेथे त्याचा उत्साह वाढण्याचेही कारण नाही.

पद्धतीतील बदल : हार्वर्डमधील उदाहरण

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत असत आणि विद्यार्थी अवघड गणितेही सोडवीत असत. परंतु बल आणि गती यांविषयीचे साधे संकल्पनात्मक प्रश्न विचारल्यावर त्यांतील अनेकांची उत्तरे चुकली. सूत्रे पाठ झाली होती, संकल्पना मात्र उमगल्या नव्हत्या. १९९१ पासून माझुर यांनी व्याख्यानाची रचनाच बदलली. थोडा भाग समजावून झाल्यावर ते एक बहुपर्यायी प्रश्न देत. प्रत्येक विद्यार्थी प्रथम स्वतंत्रपणे उत्तर नोंदवी. उत्तरांत पुरेसा मतभेद आढळल्यास विद्यार्थी शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून देत आणि त्यानंतर पुन्हा उत्तर नोंदवीत. पुढे हातात मावणारी उत्तरयंत्रे आल्यावर संपूर्ण वर्गाचा कौल क्षणार्धात पडद्यावर दिसू लागला.

तंत्रज्ञान येथे नेमके कोणते कार्य करते? ते शिकवीत नाही. वर्गाच्या मनात काय चालले आहे, हे ते शिक्षकाला त्याच क्षणी दाखविते. पुढे जायचे की थांबायचे, याचा निर्णय शिक्षक पुराव्यानिशी घेऊ शकतो. मागील बाकावरील अबोल विद्यार्थ्यालाही उत्तर द्यावे लागते आणि चूक झाली तरी चारचौघांत त्याचे हसे होत नाही. विशेष म्हणजे उत्तरयंत्रे वापरणारा वर्ग आणि साधी अक्षरपत्रे उंचावून उत्तर देणारा वर्ग यांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात करण्यात आली. दोन्ही वर्गांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. शिकणे घडते ते प्रश्न आणि चर्चा यांमुळे. यंत्रामुळे उत्तरांची मोजणी व नोंद सुकर होते.

परितेवाडीचे उदाहरण

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापून त्यामागे कवितांचे ध्वनिमुद्रण, चित्रफिती आणि स्वाध्याय ठेवण्याची कल्पना त्यांनी प्रत्यक्षात आणली. छापील पान आणि दृक्‌श्राव्य साहित्य यांची सांगड घालणारी ही योजना अल्पखर्चिक असल्याने तिचा विस्तार शक्य झाला. २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड समाविष्ट करण्याचा निर्णय घेतला. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. या उदाहरणात शिक्षक साहित्याचा केवळ ग्राहक नसून निर्माता आहे. आपल्या वर्गाची गरज ओळखून साहित्य घडविण्याचे हे स्वातंत्र्यच उत्साहाचे खरे उगमस्थान होय.

मर्यादा

साधन प्रत्येक मुलाच्या हाती पोहोचतेच असे नाही. ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतात २०१८ मध्ये ३६.५ टक्के शालेय मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये हे प्रमाण ६७.६ टक्के झाले. परंतु २०२१ मध्ये घरी फोन असलेल्या मुलांपैकीही सुमारे एकचतुर्थांश मुलांना तो अभ्यासासाठी मिळत नव्हता. घरात फोन एकच आणि तो घेऊन वडील कामावर गेलेले असतील, तर पुस्तकातील कोड मुलासाठी मुकाच राहतो. २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत असल्याचे दिसते. मात्र त्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो शैक्षणिक कामासाठी, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी वापरला होता. म्हणजे साधन उपलब्ध झाल्यावर मार्गदर्शनाची गरज संपत नाही, उलट वाढते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, तंत्रज्ञान शिक्षकाला विद्यार्थ्याच्या मनाजवळ नेते, तेव्हाच ते अध्यापनाला नवी उभारी देते. त्यासाठी उपकरणखरेदीइतकेच महत्त्व शिक्षकाला प्रयोगाचे स्वातंत्र्य, तयारीसाठी वेळ आणि सहकाऱ्यांशी विचारविनिमयाची संधी देण्याला हवे. ज्या मुलाच्या घरी फोन नाही, त्यालाही सहभागी होता येईल अशी पाठाची आखणी करणे, ही त्या उत्साहाची खरी कसोटी ठरते.